साहेबानं बाहेर यायचं

माझा नवरा मंत्री झाला त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला पहिल्यांदा 'वहिनी' म्हटलं. तोवर मी 'तीनशे दोन' होते. तीनशे दोन, तुमच्याकडे येणारी माणसं जिन्यात चपला काढतात. तीनशे दोन, तुमची माणसं पायऱ्यांवर बसून डबे खातात. तंबाखूच्या पिचकाऱ्यांचा आळही आमच्यावरच होता. आमच्याकडे येणारी माणसं तंबाखू खायची हे खरं, पण जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारायचे ते दुसऱ्या मजल्यावरचे काका, आणि हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. शपथविधी टीव्हीवर दिसला आणि पिचकाऱ्यांचा विषय कायमचा मिटला.

आता मंत्रिपद गेलंय. 'वहिनी' अजून आहे, पण हाक जरा लांबून येते.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मंत्र्याची बायको होते तेव्हाही शिकवत होते, कारण आमच्या घरात नेमानं येणारा पगार तेवढाच होता, आणि मंत्रिपद हे किती दिवसांचं पाहुणं असतं याचा अंदाज आमच्यातल्या एकालाच होता. सरकारी बंगला मिळाला तेव्हा हा तिकडे राहायला गेला. शनिवारी कोपरला, आमच्या या घरी यायचा, रविवारी संध्याकाळी परत. बंगल्यात दोन माळी होते. इथे तुळस मी घालते ते पाणी पिऊन जगायची.

माझं माहेर कल्याणजवळच्या मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनी बंद पडली, चाळ राहिली, आणि चाळीतली माणसं मिळेल त्या कामाला लागली. आमच्यापासून तिसऱ्या खोलीत आक्का राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. तिचा नवरा गटारांच्या एका ठेकेदाराकडे लागला होता. रस्त्यात गोल लोखंडी झाकणं असतात ना, त्यांच्या खालच्या विहिरीला चेंबर म्हणतात. चेंबर तुंबलं की त्यात माणूस उतरवायचा, ही रीत. कायद्यानं त्याला केव्हाचीच बंदी आहे. त्यामुळे कागदावर कुणी उतरतच नाही, आणि जो उतरलाच नाही तो मरेल कसा? आक्काचा नवरा एका दुपारी असाच, कागदावर न उतरता, उतरला आणि वर आला नाही.

चेंबरमध्ये जो वायू साचतो तो मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. सडक्या अंड्यांसारखा वास, एवढं मुलांच्या पक्कं लक्षात राहतं. वायू फार झाला की वास येईनासा होतो, हे मात्र आमच्या पुस्तकात नाही. ते मला मोहन्यात कळलं.

माझा नवरा तेव्हा माझा नवरा नव्हता. ठाण्याच्या एका दैनिकात वार्ताहर होता. तो चाळीत आला, प्रश्न विचारत फिरला आणि आमच्या दारात पाणी मागून प्यायला. दुसऱ्या दिवशी बातमी आली. चार ओळी, कुकरच्या जाहिरातीखाली: चेंबरमध्ये गुदमरून कामगाराचा मृत्यू. तो अंक घेऊन हा स्वतः चाळीत आला, याला मोठेपण म्हणा नाहीतर बावळटपणा. आक्कानं अंक माझ्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं.

"नाव कुठाय?" आक्कानं विचारलं.

नाव नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, पण जागेअभावी वरच्यांनी उडवलं होतं. तो खाली मान घालून तसं म्हणाला.

"आणि कुकरचं नाव?"

ते होतं. चांगलं ठसठशीत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं नोकरी सोडली आणि चाळीतल्या माणसांना घेऊन चळवळ उभी केली. चाळीनं त्याला 'पत्रकार' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून, म्हणजे तो पत्रकार राहिला नाही तेव्हापासून. पुढे आमचं लग्न झालं. आई म्हणाली, मुक्तीनं चूल पेटत नाही बाई. मी म्हटलं, चुलीचं मी बघते. तेव्हा मला ते वाक्य फार बाणेदार वाटलं होतं. त्याचा अर्थ पुढची वीसेक वर्षं रोज सकाळी कळत राहिला.

चळवळीची मागणी एकच होती: माणूस गटारात उतरणार नाही. यंत्र उतरेल. याला आम्ही मुक्ती म्हणायचो. लोकही म्हणायचे, आले मुक्तीवाले, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचे.

आता आमच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमचा पहिला मोर्चा ठाण्याला एका कचेरीवर गेला. दीडेकशे माणसं उन्हात बसली. आतून निरोप आला की साहेब पाच जणांच्या शिष्टमंडळाला भेटतील. आम्हाला धन्य वाटलं. पत्रकार, मी आणि आणखी तिघं आत गेलो. आत पंखा होता. साहेबांनी उठून नमस्कार केला, बसा म्हणाले, कपबशीतून चहा आला, मलईची बिस्किटं आली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मधे मधे "अरेरे" म्हणाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा पत्रकाराचा चेहरा उजळला होता. तो म्हणाला, चर्चा अत्यंत सकारात्मक झाली.

"मिळालं काय?" आक्का म्हणाली.

पत्रकार सांगू लागला की साहेब तपासून घेणार आहेत आणि योग्य ती कार्यवाही होणार आहे. आक्कानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलता येत नाही हा माझा जुना आजार आहे. मी म्हटलं, चहा मिळाला. बिस्किटं पण होती.

उन्हात बसलेली दीडशे माणसं इतकी हसली की आतले साहेब खिडकीत आले. त्या दिवसापासून आमचा नियम झाला. शिष्टमंडळ पाठवायचं नाही. आत कुणी जायचं नाही, साहेबानं बाहेर यायचं. तो आला तरी आपण उठायचं नाही. आपण बसलेले, तो उभा. आणि मागणी मान्य झाल्याचं लेखी हातात येईपर्यंत त्याचा चहा घ्यायचा नाही. ज्यानं चहा घेतला तो हरला. आमच्या लग्नात आणलेली निळ्या पट्ट्यांची मोठी सतरंजी यासाठी आक्काकडे कायमची गेली. लग्नातली तेवढी एकच वस्तू इतकी कामाला आली.

पत्रकारानं हा नियम गावोगाव नेला. त्यावर त्याचं एक भाषण होतं, आवाज चढवून करायचा: साहेबाला बाहेर आणणं हीच अर्धी मुक्ती! त्या वाक्यावर टाळी ठरलेली. आक्का मागे बसून सुपारी कातरायची आणि मला म्हणायची, बिस्किटाचं नाही सांगत बघ हा.

मंत्रिपद असं आलं की तेव्हाच्या सरकारात भानगडी फार झाल्या होत्या आणि त्यांना एक स्वच्छ चेहरा हवा होता. शोधत शोधत ते गटारांपर्यंत आले. आधी आमदारकी दिली, वरच्या सभागृहातली, म्हणजे मतं मागायची कटकट नाही. मग राज्यमंत्रिपद. यानं नगरविकास मागितलं होतं, कारण गटारं त्यात येतात. खातं मिळालं राजशिष्टाचार. ज्या माणसानं अर्धं आयुष्य लोकांना शिकवलं की साहेब आल्यावर उठू नका, त्याच्याकडे कोण आल्यावर कुणी कसं उठायचं हे ठरवण्याचं काम आलं. विमानतळावर गुच्छ द्यायचा, पाहुण्याच्या डाव्या हाताला चालायचं, गाड्यांचा क्रम लावायचा. त्यासाठी दोन काळे बंद गळ्याचे कोट शिवले. शिंप्यानं माप घेताना विचारलं, साहेब, पोट आहे एवढंच धरू का थोडं वाढीव? हा म्हणाला, वाढीव नको. मी म्हटलं, धरा.

मला आनंद झाला नव्हता असं नाही. झाला होता. मोहन्याच्या चाळीत पेढे वाटले तेव्हा मी रडले. आक्कानं त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, आता साहेब आपलाच, बाहेर बोलवायची गरज नाही. सगळ्यांना तसंच वाटलं. मलाही वाटलं.

हळूहळू भाषा बदलली. गॅस संपत आलाय म्हटलं तर हा म्हणायचा, पाठपुरावा करतो. नळ गळतोय म्हटलं तर, सकारात्मक आहे मी. फोन आता त्याच्याकडे नसायचा, स्वीय सहायकाकडे असायचा. सहायक म्हणजे पुण्याकडचा अतिशय सभ्य मुलगा. तोंडातून कधी वेडावाकडा शब्द नाही. 'साहेब व्यग्र आहेत' हे तो इतक्या गोड आवाजात सांगायचा की समोरच्याला आपण मोकळे असल्याची लाज वाटावी.

तशात परदेशी पाहुणे यायचं ठरलं. कल्याणच्या खाडीकाठी काही प्रकल्प होता, तो त्यांना दाखवायचा होता. राजशिष्टाचार खात्यातून सगळीकडे पत्रं गेली: पाहुण्यांचा मार्ग स्वच्छ, सुशोभित व दुर्गंधीमुक्त असावा. खाली माझ्या नवऱ्याची सही. त्यानं ती केली तेव्हा, मी शपथेवर सांगते, त्याच्या डोळ्यांसमोर झाडांच्या कुंड्या होत्या. पत्र वरून खाली घरंगळत ठेकेदारापर्यंत पोचलं. ठेकेदाराचं मैला ओढायचं यंत्र बरेच दिवस बिघडून पडलेलं. मार्गावरची चेंबरं तुंबलेली. त्यानं माणसं काढली. सोमवारी सकाळी उतरायचं. त्या माणसांत आक्काचा मुलगा होता.

तो यंत्राच्या गाडीवर पाइप धरायच्या कामाला होता. ते काम चळवळीनंच भांडून निर्माण केलेलं: माणूस वर, यंत्र खाली. आक्का सगळ्यांना अभिमानानं सांगायची, माझा पोरगा गटारात नाही, गटाराच्या वर काम करतो. आता ठेकेदार म्हणाला, गाडी बंद तर खाली उतर, नाहीतर उद्यापासून येऊ नको. मुलगा घरी येऊन म्हणाला, उतरतो आई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

आक्कानं मंत्रालयात फोन केला. सभ्य आवाज म्हणाला, निवेदन द्या. तिनं पुन्हा केला. आवाज म्हणाला, साहेब व्यग्र आहेत. मला तिनं फोन केला नाही. का नाही केला, हे मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, तुझ्याकडं माहेरपणानं येते गं मी, काम घेऊन कशाला येऊ?

रविवारी सकाळी मी मांदेलीला मसाला लावत होते. हा आतल्या खोलीत, बाहेरच्या खोलीत सहायक फाइली लावत बसलेला. जिन्यात पावलांचा आवाज झाला, खूप पावलांचा. दार उघडलं तर दारासमोरच्या मोकळ्या जागेत आक्का निळी सतरंजी झटकत होती. तिच्यामागे मोहन्याची माणसं, प्रत्येक पायरीला एकेक, थेट खालच्या मजल्यापर्यंत. भिंतीकडची बाजू येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोकळी सोडलेली. तोही आमचा नियम. मंत्र्याच्या बंदोबस्ताला ठेवलेला खालचा पोलीस बिचारा वर-खाली बघत उभा होता. सगळे इतके शिस्तीत बसले होते की कुणाला धरायचं हे त्याला कळेना.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा राग आला. रविवार होता, हाताला मसाला होता, आणि माझ्याच दारात माझीच सतरंजी. मग आक्कानं बसल्या बसल्या सांगितलं, सोमवारी सकाळी पोरगा उतरतोय. मी आत गेले, हात धुतले आणि चहा टाकला. आक्का आली की मी चहा टाकते. मोहन्याला माझ्या आईच्या घरात आणि इथे माझ्या घरात, तिला न विचारता चहा मिळाला नाही असा एक दिवस मला आठवत नाही. आलं किसून, दूध जास्त, तिला आवडतो तसा केला आणि ट्रे घेऊन बाहेर आले.

आक्कानं कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आज नको गं," ती म्हणाली. "लेखी मिळाल्यावर."

रागानं नाही बोलली. समजावून सांगावं तसं बोलली, म्हणून जास्त लागलं. ट्रे हातात धरून मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ज्या चहाला आम्ही नाही म्हणत होतो, तो चहा आज मी करून आणला होता.

तेवढ्यात माझ्या मागून सहायक बाहेर आला. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेबांचा निरोप आहे. पाच जणांचं शिष्टमंडळ आत पाठवा. साहेब सविस्तर चर्चा करतील."

मग वरच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यानं तोंडावर पंचा धरला, त्याच्या खालची बाई हसली, आणि हसू पायरी पायरीनं खाली उतरत गेलं. सहायक गोरामोरा झाला. त्या मुलाची चूक काय? त्याला काय माहीत, तो कुणाच्या दारात काय बोलला! निरोप त्याचा नव्हता. आत बसलेला माणूस, ज्याचं सगळ्यात गाजलेलं भाषण शिष्टमंडळावर होतं, त्यानं तो विचार करून पाठवला होता, की आता न विचार करताच तसं तोंडातून निघत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी ट्रे आत नेऊन चपलांच्या कपाटावर ठेवला, बाहेर आले आणि सतरंजीवर आक्काच्या शेजारी बसले. गुडघे दुखतात, त्यामुळे फार रुबाबात बसता आलं नाही.

सहायक आत पळाला. 'मॅडम' हा शब्द ऐकू आला, आणि पुन्हा एकदा, जास्त घाबरून. मग दारात हा आला. घरचा लेंगा, बंडी, केस विस्कटलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, जिन्यावर खालपर्यंत पाहिलं. आणि काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, तो उंबरा ओलांडून आला आणि माझ्या पलीकडे मांडी घालून बसला. आमच्यासारखाच, दाराकडे तोंड करून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी मोबाइल वर केले. खाली कुणीतरी म्हणालं, आपला पत्रकार तो पत्रकारच. याचा चेहरा, देवाशप्पथ, मोर्चाच्या पहिल्या दिवसासारखा उजळला. त्यानं मूठ वर केली आणि जुनी घोषणा दिली, सरकारचा धिक्कार असो. जिन्यानं साथ दिली. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा नवरा परत आला असं वाटलं. घोषणा थांबल्या आणि सगळे समोर दाराकडे बघू लागले. दार सताड उघडं होतं. आत फक्त तो सभ्य मुलगा उभा होता, हातात फाइल धरून.

"पत्रकार," आक्का म्हणाली, "तू हिकडं बसलास तर बाहेर कोण येणार?"

त्यानं मूठ खाली घेतली.

"धिक्कार कुणाचा केलास? तुझाच ना? आमच्यात बसायचं सोपंय रे. आमच्यात बसून माझा पोरगा उद्या वर राहणाराय का?" तिनं दाराकडे बोट केलं. "ऊठ. आत जा. आणि साहेब होऊन बाहेर ये."

मोबाइल खाली झाले. हा उठला. कुणाचा आधार न घेता उठायला त्याला वेळ लागला, आणि मी हात दिला नाही. तो आत गेला. सहायकानं दार लोटून घेतलं.

आम्ही बसून राहिलो. वरच्या मजल्यावरून कुकरची शिटी झाली. आक्कानं सुपारी काढली नाही, अडकित्ता काढला नाही, नुसती दाराकडे बघत होती. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या दिवशी पण अशीच बसलेली मी. झाकणापाशी." मी तिचा हात धरला. तो गार होता. मला भीती वाटली, उघडच सांगते, खूप भीती वाटली की हा बाहेर यायचाच नाही.

दार उघडलं. यानं काळा बंद गळ्याचा कोट घातला होता, सगळी बटणं लावून. खाली लेंगाच होता. पायात घरातल्या स्लिपर. कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही. तो उभा, आम्ही बसलेले. त्यानं घसा खाकरला.

"प्रकरण तपासून..." त्यानं सुरुवात केली, आणि थांबला. आक्का नुसती पाहत राहिली. मग त्यानं सहायकाच्या हातातून फोन घेतला, लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडे कुणी अधिकारी होते. यानं सांगितलं, उद्या कुठल्याही चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही, यंत्र दुरुस्त होईपर्यंत कुणीच उतरणार नाही, आणि यासाठी कुणाचं काम गेलं तर मी स्वतः तिथे येऊन बसेन. अधिकारी अदबीनं म्हणाले, पण सर, आपल्याच खात्याचं पत्र आहे. मार्ग दुर्गंधीमुक्त हवा. नाही उतरवलं तर वास येणार.

हा म्हणाला, "येऊ दे वास."

फोन ठेवल्यावर आक्का म्हणाली, लेखी. हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं, तोंडी आश्वासन म्हणजे हवा. त्यानं लेटरहेड मागवलं आणि चपलांच्या कपाटावर, माझा ट्रे बाजूला सारून, उभ्यानं लिहिलं. आक्कानं कागद माझ्याकडे दिला आणि त्या जुन्या दिवसासारखाच मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. या वेळी नाव होतं, तिच्या मुलाचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते मी दोनदा वाचलं.

मग आक्का म्हणाली, आण तो चहा. मी म्हटलं, गार झालाय, दुसरा करते. नको म्हणाली. वर साय धरलेला तो चहा तिनं बोटानं साय बाजूला करून संपवला, सतरंजी घडी करून पायरीवर बसलेल्या आपल्या मुलाच्या खांद्यावर दिली, आणि सगळे जसे आले तसे भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून उतरून गेले. मांदेली आम्ही दुपारी चार वाजता खाल्ली. तो कोट काढायला विसरला होता. मीही आठवण केली नाही.

पाहुणे आले. त्यांना खाडीकाठी नेलंच नाही. ठाण्याच्या एका हॉटेलात पडद्यावर खाडी दाखवली, त्यांना फार आवडली म्हणे. पुढच्या फेरबदलात याचं खातं गेलं. राजशिष्टाचारात कमी पडला, असं कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं, आणि बातमी चार ओळींची असली तरी नाव छापलं होतं.

पण ते नंतर. त्या आठवड्यात यंत्र काही दुरुस्त झालं नाही. इकडची चेंबरंही त्याच ठेकेदाराकडे होती, आणि नेमकं आमच्या सोसायटीच्या दारासमोरचं तुंबलं. गेटपाशी काळं पाणी पसरलं, विटा टाकून त्यावरून उड्या मारत लोक ये-जा करू लागले. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. खिडक्या लावून घ्याव्यात असं मला वाटायचं आणि मी लावायची नाही. वास येतोय तोवर ठीक आहे, हे मला माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. सेक्रेटरी आणि सोसायटीचे चार सभासद, इस्त्रीचे कपडे, रुमाल नाकाला. दुसऱ्या मजल्यावरचे काकाही होते. सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, साहेब आहेत का? आम्ही शिष्टमंडळ म्हणून आलोय. मी मोजले, पाचच होते. मी त्यांना आत बोलावलं, पंखा लावला, सोफ्यावर बसवलं. सेक्रेटरी सांगू लागले की फार हाल होतायत, पूर्वी ठेकेदाराचा माणूस यायचा, खाली उतरायचा, दहा मिनिटांत सगळं मोकळं व्हायचं. साहेबांनी एक फोन केला तर.

हा समोर बसून ऐकत होता. मधे एकदा "अरेरे" म्हणाला. मी आत जाऊन चहा टाकला, आलं जास्त घातलं, मलईची बिस्किटं बशीत मांडली आणि ट्रे त्यांच्यासमोर ठेवला. माझे डोळे त्यांच्या हातांवर होते.

काकांनी सगळ्यात आधी कप उचलला. मग सेक्रेटरींनी. मग सगळ्यांनी. वा, वहिनी, चहा झकास झालाय, असं म्हणत त्यांनी बिस्किटं बुडवून खाल्ली, आणि मी निश्चिंत होऊन स्वयंपाकघरात आले. आज कुणाला खाली उतरावं लागणार नव्हतं.